गोष्ट कुणाच्या तोंडची?

‘हे तुम्हांला सुचले कुठून?’ हा प्रश्न कादंबरीकाराची पाठ सोडत नाही. मुलाखतींत, परिसंवादांत, आपल्याकडे तर पुस्तकाच्या आरंभीच्या मनोगतातही लेखक त्याचे उत्तर देत आला आहे. एखादी बातमी, जेवताना कानावर पडलेली हकीकत, आजीचे बोलणे, पहाटेचे स्वप्न असे काहीतरी तो सांगतो आणि कादंबरीचे मूळ हाती लागले, असे वाचकाला वाटते. माझे म्हणणे असे की, ही उत्तरे नीट वाचली तर त्यांत विषयाच्या उगमाहून वेगळीच माहिती मिळते. विषय लेखकाजवळ बहुधा कितीतरी वर्षे पडून असतो. प्रेरणेचा म्हणून जो क्षण तो सांगतो, तो ही गोष्ट कुणी आणि कोणत्या आवाजात सांगायची, हे उमगल्याचा असतो.

गाब्रिएल गार्सिया मार्केस यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. 1965 मध्ये मेक्सिको सिटीहून आकापुल्कोला मोटारीने जाताना त्यांना ‘एकाकीपणाची शंभर वर्षे’ ही कादंबरी सापडली, असे ते सांगत. पण आजोळचे घर, तिथली माणसे, कोलंबियातले ते उष्ण, धुळकट गाव हा ऐवज त्यांच्याकडे विशीपासून होता. ‘घर’ या नावाने त्यांनी तो लिहायला घेतला आणि सोडून दिला. तारुण्यात जे जमले नाही, ते चाळिशीच्या उंबरठ्यावर कशामुळे जमले? त्यांचे स्वतःचे उत्तर स्पष्ट आहे. आजी अचाट गोष्टी चेहऱ्यावरची रेषही न हलवता, रोजचा व्यवहार सांगावा तशा सांगत असे, आणि तोच सूर त्यांना हवा होता. कादंबरी 1967 मध्ये ब्यूनोस आयर्सला प्रसिद्ध झाली. त्या प्रवासाची हकीकत मात्र त्यांनी दरवेळी सारख्याच तपशिलांनी सांगितलेली नाही, आणि ते सांगत त्याप्रमाणे लिहायला बसण्यासाठी गाडी खरोखर अर्ध्या वाटेवरून माघारी वळली का, याबद्दल चरित्रकारांना शंका आहे.

विल्यम फॉकनर यांची साक्ष याहून बोलकी आहे. ‘द साउंड अँड द फ्युरी’ (1929) एका चित्रातून निघाली, असे त्यांनी अनेकदा सांगितले. चिखलाने माखलेल्या चड्डीतली एक मुलगी झाडावर चढून खिडकीतून आजीच्या अंत्यविधीची तयारी बघते आहे आणि खाली उभ्या असलेल्या भावांना काय दिसते ते सांगते आहे. या चित्रातही कुणी बघतो, कुणी सांगतो आणि कुणी नुसते ऐकतो, ही विभागणी आहेच. पुढचे सगळे निवेदन तर सांगणाऱ्याच्या शोधाचेच आहे. काय घडले ते कळते पण का घडले ते कळत नाही, अशा मतिमंद भावाच्या तोंडून फॉकनरनी ती गोष्ट आधी सांगितली. ती पुरी झाली नाही, म्हणून दुसऱ्या भावाच्या तोंडून, मग तिसऱ्याच्या, आणि शेवटी तटस्थ निवेदकाच्या. तरीही त्यांचे समाधान झाले नाही, आणि 1946 मध्ये त्यांनी तिला पुरवणी जोडली. ज्या मुलीपासून हे सारे सुरू झाले, त्या कॅडीला संपूर्ण कादंबरीत स्वतःचे प्रकरण नाही. तिच्याकडे पाहणाऱ्यांतूनच ती दिसावी, हा निर्णय मला त्या कादंबरीचा प्राण वाटतो.

यावर रास्त आक्षेप असा की, लेखकांच्या या हकीकती पुस्तक गाजल्यानंतरच्या आहेत, मग त्यांना पुरावा का मानावे? हेन्री जेम्स यांच्या बाबतीत हे ताडून पाहता येते. ‘द स्पॉइल्स ऑफ पॉइंटन’ ही कादंबरी 1897 ची, तिची प्रस्तावना 1908 ची, आणि त्यांच्या खासगी वहीतली पहिली नोंद डिसेंबर 1893 मधली. घरातल्या मौल्यवान सामानावरून आई आणि मुलगा भांडत आहेत, एवढे जेवणाच्या टेबलावर कानावर आले आणि बीज मिळाले, यावर प्रस्तावनेचा भर आहे. वहीत मात्र त्या कज्ज्याचे पुढचे तपशीलही टिपलेले आहेत. म्हणजे आठवणीने बरेच गाळले. पण जेम्सनी फ्लेडा व्हेच या ज्या तरुणीच्या जाणिवेतून सारी कादंबरी वाचकापर्यंत पोहोचवली, ती त्या ऐकीव हकीकतीत नव्हतीच. पुढच्या नोंदींत ती हळूहळू आकार घेते आणि प्रस्तावनेत जेम्स तिचेच महत्त्व सांगतात. स्थळकाळाबाबत लेखकाची आठवण घसरते. गोष्ट कुणाच्या नजरेतून उभी राहिली, याबाबत वही आणि प्रस्तावना यांची साक्ष जुळते.

मेरी शेलीचे ‘फ्रँकन्स्टाइन’ माझ्या म्हणण्याला सहज जुमानत नाही, हे मान्य केले पाहिजे. 1831 च्या प्रस्तावनेत तिने सांगितलेले अर्धजागृतीतले दृश्य, म्हणजे आपण जोडलेल्या देहाशेजारी गुडघे टेकून बसलेला विद्यार्थी, हे सरळसरळ एक प्रसंग आहे. 1818 च्या पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना पतीने तिच्या वतीने लिहिली होती आणि तीत या स्वप्नाचा उल्लेख नाही. म्हणून काहींनी ते मागाहून रचलेले मानले. 2011 मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांनी जिनिव्हा सरोवराकाठी ती ज्या खोलीत झोपली होती, तिथे चांदणे केव्हा पोहोचू शकले असते, याचे गणित मांडले आणि ते तिच्या वर्णनाशी जुळले. तेव्हा स्वप्न खरे मानू. पण त्या दृश्यात निर्माता घाबरतो एवढेच आहे. निर्माण झालेला जीव पुढे स्वतःच्या तोंडाने आपली कर्मकहाणी सांगतो, आणि ती कादंबरीच्या मध्यभागी आहे. स्वप्नाने भयकथा दिली असती. त्या जीवाला वाचा मिळाल्यामुळे त्याच्यावर झालेल्या अन्यायाची कादंबरी झाली.

मराठी वाचकाला हे ‘मृत्युंजय’मुळे अनुभवाने ठाऊक आहे. कर्णाची कथा शिवाजी सावंतांना शोधावी लागली नाही, ती घरोघरी होती. 1967 च्या त्या कादंबरीत नवे आहे ते कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण या सहा जणांनी आळीपाळीने बोलणे. सूतपुत्राचा धाकटा भाऊ शोण बोलू लागला की, दानशूर कर्ण घरातला मोठा मुलगा होतो.

याहून गंभीर आक्षेप असा की, हे सारे तंत्राचे झाले. कादंबरी संतापातून, दुःखातून येते, आणि निवेदक कोण ही पुढची कारागिरी आहे. मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण टोनी मॉरिसन. 1856 च्या जानेवारीत मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री केंटकीतून ओहायोत पळून आली. पकडणारे दाराशी येताच तिने आपल्या लहान मुलीला ठार केले, तिला परत गुलामीत जावे लागू नये म्हणून. ही बातमी मॉरिसन यांच्यासमोर आली ती 1974 च्या ‘द ब्लॅक बुक’ या संकलनाचे संपादन करताना. तिच्यावरून सुचलेली ‘बिलव्हेड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली 1987 मध्ये. संताप तर पहिल्या वाचनातच आला असणार. मधली वर्षे ज्यासाठी लागली तो प्रश्न, या आईचा न्याय करण्याचा अधिकार कुणाला, हा होता. तो केवळ त्या मेलेल्या मुलीला आहे, असे मॉरिसन यांनी सांगितले आहे. नोकरी सोडल्यानंतर हडसनकाठच्या घरी पाण्यातून वर येणारी ती त्यांच्या मनश्चक्षूंना दिसली, हेही त्यांनी नोंदवले आहे. त्या मुलीला बोलू देणे ही कारागिरी आहेच, पण ती नैतिक भूमिकाही आहे. कोर्टाने, वृत्तपत्रांनी आणि मालकाने जिची गणती मालमत्तेत केली, तिला फिर्याद करण्याचा हक्क कादंबरीने दिला. 1985 च्या एका संवादात मॉरिसन यांनी गार्नरच्या बातमीबरोबर हार्लेममधल्या एका मृत तरुणीच्या छायाचित्राचाही उल्लेख केला होता. गोळी घालणाऱ्याचे नाव न सांगता ती मेली होती. दोन्ही गोष्टी तेव्हा त्यांच्या मनात एकत्रच होत्या. छायाचित्रातली तरुणी आणखी थांबली आणि 1992 मध्ये ‘जॅझ’मध्ये आली. ती कादंबरी एक निनावी आवाज सांगतो, आणि आपला अंदाज चुकला हे तो शेवटाकडे स्वतःच कबूल करतो.