गल्लीतला क्रूस

न्हावा शेवा मागे पडलं की लोकल द्रोणागिरीला थांबते. १२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण हा रेल्वेमार्ग सुरू झाला. त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं. तेव्हापासून उरणला जायला एसटी आणि लाँच या दोनच वाटा राहिल्या नाहीत. स्टेशनबाहेर रुंद रस्ते, अर्धवट बांधलेले मनोरे आणि बंदराकडे तोंड करून उभी असलेली कंटेनरची वाहनं. या सगळ्यामागे डोंगर. लक्ष्मणासाठी मारुती द्रोणागिरी उचलून नेत होता, तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला, असं उरणकर सांगतात. सिडकोने इथल्या नव्या वसाहतीला, म्हणजे नोडला, नाव दिलं ते या डोंगराचं.

डोंगरावर किल्ल्याचे अवशेष आहेत, देवीचं आणि गणपतीचं देऊळ आहे आणि एका चर्चचे पडके भागही आहेत. पोर्तुगीज काळातल्या त्या चर्चचं नाव नोसा सेन्योरा दा पेन्या. पेन्या म्हणजे कडा, तेव्हा मराठीत ती झाली कड्यावरची माता. मुंबईच्या बंदरात शिरणारं प्रत्येक गलबत तिथून दिसत असणार. आज तिथे दगड आहेत, वारा आहे, पावसाळ्यात ट्रेकला येणारी पोरं आहेत. मिस्सा मात्र होत नाही.

इमारत पडली तरी माणसं उरतात, आणि त्यांच्यासाठी मराठी ख्रिस्ती माणसाकडे एक नेमका शब्द आहे, मंडळी. प्रोटेस्टंट घरांत ‘आमची मंडळी’ म्हटलं की अर्थ होतो आमचं चर्च. त्यात इमारत येत नाही, माणसं येतात. मराठीत हा शब्द जेवायला बसलेल्यांना लागतो, भजनाला जमलेल्यांना लागतो आणि जुन्या वळणाचे नवरे बायकोचा उल्लेखही त्यानेच करतात. बायबलच्या मराठी भाषांतरकारांनी या घरगुती शब्दाला एवढं मोठं काम दिलं, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. वसईकडे तर चर्चला सरळ देऊळ म्हणायची रीत आहे. देऊळ पडतं, ओस पडतं, सरकारी हुकमाने बंदही होतं. अशा वर्षी मंडळी कुठे जाते, हे पाहायचं आहे.

याच रायगड जिल्ह्यात त्याचं एक जुनं उत्तर सापडतं. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी चौल-कोर्लई पोर्तुगीजांच्या हातून गेलं. अंमलदार गेले, शिपाई गेले, ज्यांना गोव्याला जाणं परवडत होतं तेही गेले. कुंडलिकेच्या मुखाशी, कोर्लईच्या किल्ल्याखाली, शेती आणि मासेमारीवर जगणारी गरीब ख्रिस्ती घरं मागे राहिली. त्यांच्यामागे आता कुठली सत्ता उभी नव्हती. पण आजही त्या गावातली सुमारे हजारभर माणसं घरात पोर्तुगीजपासून घडलेली, मराठीने भरलेली एक वेगळीच बोली बोलतात. तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात, आपली भाषा. शिवारात मराठी, घरात नो लिंग. पावणेतीनशे वर्षं ही बोली टिकली ती चर्चभोवतीच्या त्या छोट्या वस्तीत. वसईच्या चर्चमधल्या घंटा मात्र विजयचिन्हं म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक आहे. त्यांच्यावर क्रूस कोरलेला आहे आणि त्या वाजतात. घंटेला कोणी धर्म विचारला नाही, हे एक बरं झालं.

पण ज्याला खऱ्या अर्थाने ‘वाईट वर्ष’ म्हणावं, ते १८९६-९७.

२३ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी बंदराजवळच्या चिंचोळ्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एका रोग्याला तपासलं आणि हा गाठीचा प्लेगच आहे असं सांगितलं. व्हिएगस मूळचे गोव्याच्या आरपोऱ्याचे, मुंबईतल्या कॅथलिक समाजातले आणि पालिकेचे सदस्य. गोदामांतल्या धान्याच्या राशी, त्यांवर पोसलेले उंदीर आणि चाळींतली कोंदट अंधारी बिऱ्हाडं, अशी सगळी तयारी आधीच झालेली होती. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १८९७ च्या सुरुवातीपर्यंत त्यातली जवळजवळ निम्मी शहर सोडून पळाली. कोकणच्या बोटी भरून जात होत्या आणि आगगाडीबरोबर प्लेगही गावोगाव उतरत होता. १९०१ ला मुंबईची शिरगणती ७,७६,००६ भरली. मधल्या दहा वर्षांत शहर वाढण्याऐवजी आकसलं.

सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला, अवघ्या चार कलमांचा. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गेटेकर यांच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमली गेली. घरोघर झडती, रोगी उचलून दवाखान्यात, बाकीचे लोक छावणीत. घरात ऊन यावं म्हणून छपराची कौलं काढायची, भिंतींना चुना मारायचा, मोऱ्यांत कार्बोलिक ओतायचं. राहण्यास नालायक ठरलेल्या घरांवर ‘यूएचएच’ ही अक्षरं रंगवली जात. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, ही भीती रोगाइतकीच पसरली आणि १८९६ च्या ऑक्टोबरमध्येच गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला होता. पुण्यात काय झालं ते शाळेच्या पुस्तकात आहे. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या आणि २२ जूनच्या रात्री तिथल्या प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांच्यावर गोळी झाडली गेली.

त्याच हंगामात पंडिता रमाबाई दुष्काळी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, एवढ्या मुली ठेवायच्या कुठे? त्यांनी केडगावच्या आपल्या जमिनीवर त्यांना नेलं. ‘मुक्ती’ तिथे उभी राहिली. पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या बायकांच्या हालांबद्दल रमाबाईंनी वर्तमानपत्रात खरमरीत पत्र लिहिलं, ते सरकारला चांगलंच झोंबलं. चर्च आणि सरकार एकाच बाजूला असतात असा ज्यांचा समज असेल, त्यांनी हा प्रसंग जरूर पाहावा.

मुंबईच्या ईस्ट इंडियन समाजाचं काय झालं? हा समाज म्हणजे मुंबई, साष्टी, वसई, उरण या पट्ट्यातले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक. कोळी, आगरी, कुणबी, भंडारी, सगळे त्यात आले. नाव नवं होतं. नोकरीसाठी गोव्याहून येणाऱ्या कॅथलिकांपेक्षा आपण वेगळे, हे सरकारला कळावं म्हणून १८८७ साली, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, त्यांनी ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ काढली होती. दहाच वर्षांत प्लेग आला. वांद्रे तेव्हा मुंबईच्या बाहेर, ठाणे जिल्ह्यात. शहरातून पळालेली माणसं तिकडे गेली आणि मागोमाग रोगही गेला.

गर्दी म्हणजे मरण. रविवारी शेकडो माणसांनी एका छपराखाली बसायचं कसं? मग माझगाव, गिरगाव, वांद्र्याच्या पाखाड्या आणि साष्टीतली गावठाणं इथे लोकांनी आपापल्या गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभे केले. काही दगडी, काही लाकडी. काही पूर्वीपासूनच होते, त्यांच्यापुढे नव्याने दिवा लागला. आज मुंबईत दिसणारा प्रत्येक क्रूस प्लेगचा असं समजणं चूक आहे. कित्येक त्याहून जुने आहेत, काही तर पडलेल्या चर्चमधून आणलेले. पण ‘आमचा क्रूस प्लेगात बांधला’ ही आठवण गल्लोगल्ली सांगितली जाते आणि काही चौथऱ्यांवर सालही कोरलेलं आहे. संध्याकाळी वीस-पंचवीस माणसं उघड्यावर जमायची, रोझरी म्हणायची, लादीन गायची आणि घरी जायची. सगळं उघड्या हवेत, आपल्याच आळीतल्या माणसांत, जवळच्या जवळ. सार्वजनिक आरोग्याची पुस्तकं न वाचता त्यांनी त्यातल्या त्यात शहाणपणाची तोड काढली होती.

साकडं घातलं जाई ते संत सेबॅस्टियन आणि संत रोकला. रोक हा युरोपातल्या साथींचा जुना संत. चित्रात तो मांडीवरची गाठ दाखवत उभा असतो आणि शेजारी तोंडात पाव धरलेला कुत्रा. आमच्याकडे मरीआईचा गाडा गावाच्या वेशीबाहेर काढायचे, त्याच बिकट वेळी हा परदेशी संत गावात आणून बसवायचे. भीती एकच होती. मांडवीपासून जवळच, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत वाल्डेमार हाफकीन नावाचा यहुदी शास्त्रज्ञ त्या भीतीवर तिसरा उपाय करत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने आपली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली.

लादीन म्हणजे लितानी, संतांच्या नावांची माळ. एकजण नाव घेतो, बाकीचे ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणून साथ देतात. पोर्तुगीज गेल्यावरही कित्येक ठिकाणी ती लॅटिनमध्येच चालली, अर्थ कळो न कळो. मुलांना त्यात गोडी असते ती शेवटासाठी, कारण लादीन संपली की उकडलेले चणे वाटतात. मोठ्यांसाठी पूर्वी घरगुती दारूचा घोटही असायचा, त्याबद्दल आता जरा खासगीत बोलतात. ही चण्यांची गोष्ट मला किरकोळ वाटत नाही. दिवा लावायची पाळी कोणाची, चणे कोण शिजवणार, क्रूसाला चुना कोण लावणार, हार कोण करणार, याचा हिशेब ठेवायला लागला की गल्लीचं मंडळ होतं. साथ ओसरली तरी पाळ्या चालू राहिल्या. क्रूसाचा सण मे महिन्यात येतो. सुट्टी असते, पोरं मोकळी असतात, म्हणून कित्येक गावठाणांत लादीन मेमध्येच होते.

संकटावर मंडळ करून उत्तर द्यायची ही सवय नुसती प्रार्थनेपुरती राहिली नाही. १९१८ साली वांद्र्यात साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली, त्याच साली वसईत आजच्या बॅसीन कॅथलिक बँकेची पतपेढी सुरू झाली. इन्फ्लुएन्झाचंही हेच साल. पण यात कार्यकारण शोधू नये. पतपेढी फेब्रुवारीतली, मुंबईत तो ताप आला जूनमध्ये.

क्रूसांवर पुढे वेगळंच संकट आलं. रस्तारुंदीकरण आणि अनधिकृत धार्मिक बांधकामांवरच्या कारवाईत शंभर-सव्वाशे वर्षांचे क्रूसही यादीत आले. बांधकाम १९६४ पूर्वीचं आहे हे सिद्ध करा, अशी अट. ज्या आजोबांनी प्लेगात दगड उभा केला, त्यांनी परवाना कुठून काढायचा होता? मग लोकांनी जुने नकाशे, लग्नाचे फोटो आणि चौथऱ्यावरची अक्षरं गोळा केली. लग्नाच्या मिरवणुकीत नवरा-नवरी क्रूसापुढे थांबतात, या रिवाजामुळे पुरावा आयताच अल्बममध्ये सापडत होता. काही क्रूस वाचले, काही एका रात्रीत गेले.

मग मार्च २०२० आला. महाराष्ट्राने १३ मार्चला जो कायदा लागू केला, तो तोच, १८९७ चा, चार कलमांचा. चर्च बंद झाली. १२ एप्रिलचं ईस्टर ओस पडलेल्या वेदीपुढे झालं आणि मिस्सा मोबाइलच्या पडद्यावर आली. सुरुवातीला त्याचं अप्रूप होतं. आवाज तुटायचा, कुणी स्वयंपाक करत ऐकायचं, एखाद्या आजी पडद्यापुढे डोक्यावर पदर घेऊन गुडघे टेकायच्या. पण पडद्यावरून कम्युनियन घेता येत नाही आणि मर्तिकाला खांदा देता येत नाही. त्या वर्षी खरा घाव मर्तिकांनीच घातला. ईस्ट इंडियन घरात माणूस गेला की आख्खी आळी येते आणि सात दिवस घर एकटं पडत नाही. आता चार माणसं, प्लॅस्टिकचे झगे आणि लांबून केलेली प्रार्थना. ३० मार्च २०२० रोजी मुंबई पालिकेने कोविडने गेलेल्या सगळ्यांचं दहनच करायचं असं परिपत्रक काढलं आणि त्याच दिवशी ते बदललंही. दहनाला कॅथलिक चर्चची बंदी १९६३ पासूनच उठलेली आहे, पण आईला मातीत ठेवायचं असं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या घराला तो कागद दाखवून काय उपयोग!

गावठाणांत काही गल्ल्यांनी त्या मे महिन्यात जुनी तोड पुन्हा काढली. क्रूसापुढे कुणी एकाने दिवा लावायचा, बाकीच्यांनी आपापल्या खिडकीतून, गच्चीतून साथ द्यायची. चणे नाहीत.

राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी. दिवाळीचा पाडवा होता. देवळं, मशिदी, चर्च, गुरुद्वारे एकाच सकाळी. दारात सॅनिटायझर आणि बाकांवर एकाआड एक फुलीची पट्टी. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद आणि पुन्हा उघडली ती ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला. ख्रिस्ती मंडळीच्या त्या दोन वर्षांच्या आठवणीत दोन्ही तारखा हिंदू पंचांगातल्या निघाव्यात, याची कुणाला गंमत वाटली असेल तर ती योग्यच आहे.

द्रोणागिरीच्या नोडमध्ये गल्ल्या नाहीत, सेक्टर आहेत. बंदरामुळे आणि गोदामांमुळे इथे कुठकुठून माणसं येतात. अशा नव्या वस्तीत प्रार्थना सुरू होते ती बहुधा कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत, चपला जिन्यात काढून. पाच घरांची पंधरा होतात, मग शाळेचा हॉल भाड्याने, मग भूखंडासाठी अर्ज. पाळ्या तिथेही लागतात. खुर्च्या कोण मांडणार, चहा कोणाकडे.

मेमध्ये जुन्या गावठाणांतून निरोप येतात. आता ते व्हॉट्सॲपवर येतात: अमुक वारी, संध्याकाळी सात, आपल्या क्रूसाजवळ, चणे यंदा अमक्यांच्या घरचे. नवी मुंबईत फ्लॅट घेऊन गेलेली माणसं लोकल पकडून जुन्या गल्लीत जातात. चौथऱ्याला ताजा चुना असतो, झेंडूचा हार असतो आणि लितानीत कुणीतरी नवखा पोरगा चुकतो. म्हाताऱ्या डोळे न उघडता त्याला दुरुस्त करतात. नंतर कागदी द्रोणांतून गरम चणे येतात आणि उरणची गाडी किती वाजता, ते कुणीतरी मोबाइलवर पाहून सांगतं.