उतरलेल्या सेलमधला उजेड

टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की घरोघरी ठरलेले उपाय सुरू होतात. रिमोट तळहातावर आपटायचा, सेल जागच्या जागी गोल फिरवायचे, थोडा वेळ उन्हात ठेवायचे. कशानेच जमले नाही की सेल कचऱ्याच्या डब्यात जातात. घरातल्यांच्या लेखी ते ‘संपलेले’ असतात. प्रत्यक्षात ते पुरते संपलेले नसतात.

नव्या पेन्सिल सेलचा विद्युतदाब साधारण १.५ व्होल्ट असतो. वापराबरोबर तो उतरत जातो. १ व्होल्टच्या आसपास आला की बरीच उपकरणे काम थांबवतात. काही तर त्याआधीच थांबतात. सेलमध्ये तेव्हाही थोडी ऊर्जा शिल्लक असते, पण ती उपकरणाला हव्या त्या दाबाने बाहेर पडत नाही. टाकीत पाणी आहे, पण वरच्या मजल्यावरच्या नळाला धार नाही, असा हा प्रकार.

पांढऱ्या एलईडीला उजळायला सुमारे ३ व्होल्ट लागतात. म्हणजे एकटा नवा सेलही तो पेटवू शकत नाही. उतरलेल्या सेलची तर गोष्टच सोडा. तरीही चार-पाच सुटे भाग जोडून अशाच सेलवर एलईडी लावण्याचा प्रयोग जगभरचे हौशी लोक गेली पंचवीसएक वर्षे करत आहेत. नोव्हेंबर १९९९ मध्ये ‘एव्हरीडे प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स’ या ब्रिटिश मासिकात झेड. कापर्निक यांनी एका सेलवर चालणाऱ्या एलईडीची सोपी जोडणी दिली. पुढे क्लाइव्ह मिचेल यांनी तिला ‘ज्यूल थीफ’ हे नाव दिले. ज्यूल हे ऊर्जेचे एकक. १०० ग्रॅमची वस्तू एक मीटर उचलायला साधारण १ ज्यूल ऊर्जा लागते. सेलच्या तळाशी उरलेले ज्यूल चोरणारा तो ज्यूल थीफ. देव आनंदचा ‘ज्वेल थीफ’ आठवला, तर नावातली गंमत लगेच कळेल. जोडणीमागचे तत्त्व मात्र बरेच जुने आहे. त्याला ब्लॉकिंग ऑसिलेटर म्हणतात आणि ट्रान्झिस्टर येण्याआधी ते व्हॉल्व्हच्या यंत्रांत वापरले जाई.

जोडणीला लागते काय? बीसी ५४७ सारखा एक छोटा ट्रान्झिस्टर, १ किलोओमचा रेझिस्टर, एक एलईडी, फेराइटची अंगठीएवढी कडी आणि तिच्यावर गुंडाळायला बारीक तार. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे सगळे सुटे मिळते. कडीवर तारेच्या दोन गुंडाळ्या घालतात, प्रत्येकी दहा ते वीस वेढ्यांच्या. पहिलीतून मुख्य प्रवाह जातो, दुसरी ट्रान्झिस्टरला चालू-बंदचा इशारा देते.

सेल लावला की रेझिस्टरमधून थोडासा प्रवाह ट्रान्झिस्टरकडे जातो आणि तो किंचित चालू होतो. मुख्य गुंडाळीत प्रवाह वाढू लागतो. त्यामुळे दुसऱ्या गुंडाळीत दाब निर्माण होतो आणि तो ट्रान्झिस्टरला आणखी चालू करतो. प्रवाह वाढत एका मर्यादेला पोचला की हा पाठिंबा संपतो आणि ट्रान्झिस्टर झटकन बंद पडतो. गुंडाळीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात साठलेल्या ऊर्जेला आता एकच वाट उरते, ती एलईडीतून. जोरात वाहणारा नळ एकदम बंद केला की पाइप धडधडतो, कारण अडलेल्या पाण्याचा दाब क्षणभर चढतो. इथेही तसेच होते. दाब सेलच्या कितीतरी वर उसळतो आणि एलईडी लखकन उजळतो. साठा रिता झाला की चक्र पुन्हा सुरू. सेकंदाला हजारो वेळा हे घडत असल्याने डोळ्याला दिवा सलग पेटलेला दिसतो.

गैरसमज होतो तो इथेच. ‘मेलेल्या’ सेलवर दिवा तासन्‌तास जळताना पाहून काहींना ही फुकटची वीज वाटते. दिलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा परत देणारी जोडणी सापडल्याचे दावेही होतात आणि त्यांवर लोकांचे पैसे जातात. हिशेब मात्र सरळ आहे. एलईडीला ३ व्होल्टला सरासरी १० मिलिअँपियर मिळत असतील, तर तो ३० मिलिवॉट घेतो. जोडणीची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर सेलला ५० मिलिवॉट द्यावे लागतात. सेलचा दाब १ व्होल्टवर आलेला असेल, तर त्यातून ५० मिलिअँपियर प्रवाह ओढला जातो. दाब तिप्पट झाला, पण त्यासाठी प्रवाह पाचपट खर्च झाला. उरलेले २० मिलिवॉट उष्णतेत गेले. व्होल्ट वाढले म्हणजे ऊर्जा वाढली, असे होत नाही.

शंका असेल, तर घरीच पडताळता येते. दिवा सुरू करण्याआधी सेलचा दाब मोजून लिहून ठेवावा आणि मग रोज ठरावीक वेळी मोजावा. आकडा उतरत जातो, उजेड मंदावतो आणि दाब अर्ध्या व्होल्टच्या आसपास आला की दिवा विझतो. एलईडीकडचे स्पंद साध्या मल्टिमीटरने मोजू नयेत. इतक्या वेगाने बदलणारा प्रवाह तो नीट दाखवत नाही. ‘जास्त ऊर्जा’ बऱ्याचदा अशा चुकीच्या आकड्यांतूनच जन्माला येते.

एका सेलवरचा हा प्रयोग शाळकरी मुलांनाही जमण्यासारखा आहे. काही पथ्ये मात्र पाळायला हवीत. फेराइटच्या कडीसाठी जुना सीएफएल दिवा फोडू नये. त्याच्या नळीत पारा असतो. वेढे खूप वाढवून शेकडो व्होल्ट काढण्याच्या फंदात पडू नये. घरातल्या विजेच्या प्लगशी या जोडणीचा संबंध येता कामा नये. पुन्हा चार्ज होणारे सेल वापरू नयेत. दाब फार खाली गेला की ते कायमचे बिघडतात. अल्कलाइन सेलही अगदी तळापर्यंत रिकामे झाले की पाझरू शकतात. त्यातला द्रव त्वचेला आणि डोळ्यांना दाहक असतो. तो लागलाच, तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास डॉक्टरांकडे जावे.

सर्वांत जपायचे ते बटणासारख्या चपट्या सेलना. लहान मुलाने असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आत गंभीर भाजू शकते. नुसती शंका आली, तरी उलटी करवण्याच्या प्रयत्नात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.

हीच कल्पना आज रोजच्या वस्तूंमध्ये आहे. बागेतला छोटा सौरदिवा १.२ व्होल्टच्या एका सेलवर पांढरा एलईडी लावतो, तो आतल्या अशाच दाब वाढवणाऱ्या जोडणीमुळे. पॉवर बँकही ३.७ व्होल्टच्या बॅटरीतून मोबाइलसाठी ५ व्होल्ट काढते.

ज्यूल थीफने उरलासुरला उजेड काढून घेतल्यावर मात्र सेल खरोखर संपलेला असतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तो घरच्या इतर कचऱ्यात टाकायचा नसतो. असे सेल डब्यात वेगळे साठवावेत, चपट्या सेलना चिकटपट्टी लावावी आणि ई-कचरा संकलन केंद्रात द्यावेत.