धा तलवारीचा मुलूख

लांब गोल मूठ, हाताच्या रक्षणाला आडपट्टी नाही, धार एकाच बाजूला, पात्याला हलकासा बाक. अशी तलवार लिलावात आली की चिठ्ठीवर हमखास ‘ब्रह्मदेश’ लिहिलेलं असतं. तिचं नाव धा. इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडाले घेतलं, थिबा राजाला पुढे आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि विलायतेला परतणाऱ्या गोऱ्यांच्या सामानातून तिथली शस्त्रंही गेली. पण धा एकट्या ब्रह्मदेशाची नाही. थायलंड, लाओस, चीनचा युनान प्रांत, सगळीकडे तिची भावंडं सापडतात. त्यामुळे चिठ्ठीचा पुरावा सर्वांत कच्चा.

पाहायला सुरुवात टोकापासून करावी. काचिन लोकांच्या धाला अणकुचीदार टोकच नसतं. पातं शेंड्याकडे रुंदावत जातं आणि तिथे छाटल्यासारखं संपतं. रान तोडायला आणि लढायला हत्यार तेच. म्यान एका बाजूने उघडं, लाकडाच्या एकाच फळीत कोरलेलं, वरून पट्ट्या अडकवलेल्या. आपल्या ईशान्येतल्या नागांच्या ‘दाव’ नावाच्या हत्यारांची म्यानंही अशी असतात, म्हणून केवळ म्यानावरून निकाल देणारा फसतो. याउलट काळवलेल्या पात्यावर चांदीने भरलेली कथाचित्रं आणि बर्मी अक्षरं दिसली, तर मात्र निःशंक ब्रह्मदेश म्हणावं. या मिरवायच्या तलवारी. रणात घासलेली तलवार सहसा इतकी नटत नाही.

खरा पेच पुढेच आहे. युनानच्या दहोंग भागात हुसा नावाचं खोरं आहे. तिथले अचांग लोहार पिढ्यानपिढ्या सुऱ्या-तलवारी घडवतात आणि आसपासचे दाई आणि जिंगपो लोक त्या विकत घेतात. हे जिंगपो म्हणजे सीमेपलीकडच्या काचिनांचेच भाईबंद. म्हणजे पातं एकाच्या भट्टीतलं आणि कमरेला दुसऱ्याच्या. त्यातच पात्याची शेपटी पुष्कळदा राळेने मुठीत बसवलेली असते. राळ तापवली की मूठ सुटते, नवी चढते. अशा तलवारीला आजच्या नकाशावरचा एकच देश चिकटवणं मला हट्टाचं वाटतं. सीमा तिच्यानंतर आखल्या गेल्या. पातं कुठलं आणि वापरलं कुणी, हे वेगवेगळंच लिहिलेलं बरं.

पातं आणि मूठ यांचा सांधा बोलका असतो, हे फिलिपीन्सच्या दक्षिणेकडच्या मोरो लोकांच्या क्रिस या शस्त्रावरून आणखी पटतं. जावाची क्रिस भोसकायची. तिची शेपटी बारीक, गोल, मूठ हलकेच फिरवता येते. मोरो क्रिस मोठी, वार करायची. मूठ फिरली तर वार वाया, म्हणून पातं धातूच्या पकडीने जखडलेलं. नागमोडी पातं पाहून दोघींना एक समजणारे पुष्कळ आहेत.

घरात अशी एखादी तलवार असेल तर तिला पॉलिश करू नका, मूठ तापवू नका, म्यान फुटकं म्हणून टाकू नका. टोक, सांधा आणि म्यानाच्या दोन्ही बाजू यांचे स्वच्छ उजेडात फोटो काढा आणि मगच जाणकाराला विचारा.