वाटणीची बैठक

पेडणे-डिचोलीतलं आजोबांच्या नावावरचं घर म्हटलं की बाहेरगावी स्थिरावलेली आमची पिढी ‘बघू पुढे’ म्हणते. गोव्यात अशी वाटणी इन्व्हेंटरीने होते. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतली ही पद्धत आता गोव्याच्या 2012 च्या वारसा कायद्यात आहे. घरातलाच एकजण मालमत्तेची यादी देतो. मग सगळे वारस न्यायालयात बैठकीला बसतात. लेकींचा वाटा लेकांइतकाच. एकमत झालं तर तशीच वाटणी होते. नाहीतर वारसांमध्येच बोली लागते. मला धास्ती त्याचीच वाटते. घर घेणारा इतरांना त्यांच्या वाट्याचे पैसे देतो खरा, पण तिथेच राहून शेत कसणारा काका परदेशातल्या पुतण्यापुढे किती बोली लावणार? म्हणून बैठकीआधी त्याच्याशी बोलून घ्या.