भिंतीतील ठिणगी

खाली दुकान, मागे गोदाम आणि वर घर, ही रचना बाजारपेठेतील अनेक कुटुंबांत आजही आढळते. मालाचा विमा नियमित भरला जातो. भिंतीतील जुन्या तारांची तपासणी मात्र वर्षानुवर्षे राहून जाते.

‘पेटीत एमसीबी आहे, मग भीती कसली?’ हा समज अर्धाच खरा आहे. अतिभार किंवा शॉर्टसर्किट झाल्यास एमसीबी वीज तोडते. प्रवाह जमिनीकडे गळू लागल्यास आरसीसीबी तोडते. घरगुती वापरासाठी ती ३० मिलिअँपिअरची असते. परंतु स्क्रू सैल झाला किंवा उंदराने तार कुरतडली, तर त्या फटीत ठिणग्या उडत राहतात. १००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह घेते. तिच्या तारेत ठिणगी पडली तरी प्रवाह वाढत नाही. साहजिकच १६ अँपिअरची एमसीबी स्वस्थ राहते आणि जवळचे कापड वा लाकूड पेट घेऊ शकते.

हा दोष ओळखणारे उपकरण म्हणजे एएफडीडी. ते प्रवाहाच्या लहरीतील अनियमित चढउतार सतत तपासते आणि घातक ठिणगी आढळताच वीज तोडते. अमेरिकेत त्यास एएफसीआय म्हणतात. तेथील विद्युत संहितेच्या १९९९ च्या आवृत्तीने नव्या घरांच्या शयनगृहांसाठी ते १ जानेवारी २००२ पासून आवश्यक ठरविले.

परदेशस्थ मुलाकडून ते मागविणे मात्र व्यर्थ होय. अमेरिकी उपकरण १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी असते. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लागते. खरेदी करताना ‘आयईसी ६२६०६’ हे मानक पाहावे. किंमत एमसीबीच्या कित्येक पट असल्याने प्रथम शयनगृह व गोदाम यांचे सर्किट निवडावे.

जोडणी परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावी. त्या सर्किटची फेज व न्यूट्रल दोन्ही उपकरणातून जावी लागतात. जुन्या घरांत न्यूट्रल अनेकदा सामाईक असते, ती आधी वेगळी करावी लागते. उपकरण वारंवार पडू लागले तर ते पुनःपुन्हा चढवू नये, दोष शोधावा. तसेच ते बसविले म्हणून तपासणी टळत नाही. ठिणगी न उडता केवळ तापणारा सैल जोड त्याच्याही नजरेतून सुटू शकतो. दिवाळीपूर्वी चोपड्यांचा हिशेब पूर्ण करताना वितरण पेटीचे स्क्रूही वायरमनकडून आवळून घ्यावेत, हे उत्तम.