बाँबचा आवाज विरतो, कायदा उरतो

उत्सवाच्या गर्दीत बाँबचा स्फोट झाला की राज्यकर्त्यांपुढे एकाच वेळी दोन कर्तव्ये उभी राहतात. पहिले कर्तव्य त्या घटकेचे : जखमींना उचलणे, गर्दी आवरणे, अफवांना आळा घालणे आणि सूडाची भाषा स्वतःच्या तोंडून निघू न देणे. दुसरे कर्तव्य पुढील काही महिन्यांचे : अपराध्यांचा शोध घेणे, आणि असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून कायद्यात कोणता बदल करावयाचा हे ठरवणे. पहिले कर्तव्य सरकार कसे पार पाडते याकडे साऱ्या देशाचे डोळे लागलेले असतात. दुसरे बहुधा लोकांचे लक्ष इतरत्र वळल्यावर उरकले जाते. वस्तुतः पहिल्याचा परिणाम काही आठवडे टिकतो आणि दुसऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्या. हा फरक किती मोठा असू शकतो, हे दिल्लीच्या चांदणी चौकात २३ डिसेंबर १९१२ रोजी घडलेल्या घटनेवरून स्पष्ट दिसते.

त्याच्या वर्षभर आधी, १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात, राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा झाली होती. नव्या राजधानीत व्हाइसरॉयने समारंभपूर्वक प्रवेश करावा म्हणून ही मिरवणूक योजलेली होती. लॉर्ड हार्डिंग आणि त्यांच्या पत्नी हत्तीवरील अंबारीत बसले होते. चांदणी चौकात मिरवणूक आली असता अंबारीवर बाँब पडला. मागे छत्र धरून बसलेला सेवक जागीच ठार झाला. हार्डिंग यांच्या पाठीला व मानेला जबर जखमा झाल्या. मिरवणूक पुढे चालू ठेवण्याचा हुकूम त्यांनी प्रथम दिला. पण थोड्याच वेळात रक्तस्रावामुळे त्यांची शुद्ध हरपली. बिथरलेला हत्ती खाली बसेना, तेव्हा खोकी एकावर एक रचून त्यांना उतरवून घ्यावे लागले.

संयमाचा पहिला अध्याय

यानंतरच्या काही तासांत सरकार ज्या रीतीने वागले, त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. गर्दीवर गोळीबार झाला नाही. ठरलेला समारंभ रद्द झाला नाही. व्हाइसरॉयचे भाषण त्यांच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य सर गाय फ्लीटवुड विल्सन यांनी लाल किल्ल्यात वाचून दाखवले. प्रकृती सावरल्यावर जानेवारी १९१३ मध्ये हार्डिंग कायदेमंडळापुढे आले आणि आपल्या धोरणात या हल्ल्यामुळे तिळमात्र बदल होणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. देशातूनही सहानुभूतीचा ओघ आला. घटनेनंतर तीनच दिवसांनी बांकीपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर. त्या अधिवेशनाने हल्ल्याचा निःसंदिग्ध निषेध केला. सरकार आणि लोक यांच्यात त्या काळात क्वचित दिसणारी जवळीक काही दिवस तरी निर्माण झाली होती.

विशेष हे की, निषेध करणाऱ्यांत खुद्द कटाचा सूत्रधारही होता. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत हेडक्लार्क असलेले रासबिहारी बोस नित्याप्रमाणे कचेरीत रुजू झाले, हल्ल्याच्या निषेधाची सभा त्यांनी भरवली, आणि विश्रांतीसाठी त्याच गावी आलेल्या व्हाइसरॉयच्या स्वागतालाही ते हजर राहिले. पुढे हार्डिंग यांनीच आपल्या आठवणींत हा प्रसंग नोंदवला आहे. पोलीस ज्याला शोधत होते, तो सरकारी हजेरीपटावर होता.

तीन महिन्यांनंतर

दुसरा अध्याय मार्च १९१३ मध्ये लिहिला गेला. स्फोटानंतर जेमतेम तीन महिन्यांनी कायदेमंडळाने फौजदारी कायदा दुरुस्तीचे विधेयक संमत केले आणि भारतीय दंडसंहितेत १२०-अ व १२०-ब ही दोन कलमे दाखल झाली. हा कायदा केवळ त्या एका बाँबमधून जन्मला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. इंग्लंडच्या कायद्यात अशी तरतूद पूर्वीपासून होती. पण तो कोणत्या वातावरणात संमत झाला, हे नजरेआड करता येत नाही.

या कलमांनी नेमके काय बदलले? १८६० च्या मूळ दंडसंहितेत कट हा मुख्यतः अपप्रेरणेचा एक प्रकार होता; कटाबरोबर काहीतरी कृती घडणे आवश्यक होते. १८७० साली घातलेल्या १२१-अ कलमाने राजसत्तेविरुद्धच्या कटाला मात्र स्वतंत्र अपराध ठरवले होते. १९१३ च्या दुरुस्तीने तो अपवाद नियम झाला. दोघांनी मिळून अपराध करण्याचे नुसते ठरवले, तरी ते ठरवणेच अपराध झाले. पुढे कोणी बोट उचलले नाही तरी चालेल. याच्या जोडीला १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे दहावे कलम होतेच. त्यानुसार समान हेतूला अनुसरून एकाने जे म्हटले वा केले, ते इतरांविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येते. दोन्ही कलमे एकत्र आली की सरकारी वकिलाचे काम किती सोपे होते, हे सांगण्यास कायदेपंडिताची गरज नाही.

त्याचे प्रत्यंतर लवकरच आले. मे १९१३ मध्ये लाहोरच्या लॉरेन्स बागेत बाँब फुटून एक चपराशी मरण पावला. १९१४ च्या आरंभी धरपकड झाली आणि दिल्ली कटाचा खटला उभा राहिला. अमीरचंद आणि अवधबिहारी हे शिक्षक, बालमुकुंद हेही शिकवणी करणारे, आणि वसंतकुमार विश्वास हा विशीतला तरुण. पहिल्या तिघांना फाशी झाली. विश्वास याला खालच्या न्यायालयाने जन्मठेप दिली होती. वरच्या न्यायालयाने ती वाढवून फाशी दिली. मे १९१५ मध्ये चौघेही फासावर गेले. रासबिहारी बोस त्याच वर्षी जपानला निसटले. आणि चांदणी चौकातला बाँब नेमका कोणाच्या हातून सुटला, याबद्दल अभ्यासकांत आजही एकवाक्यता नाही.

टिळकांचा इशारा

महाराष्ट्राला हा क्रम नवा नव्हता. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना, पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. त्यानंतर पुणेकरांच्या खर्चाने जादा पोलीस बसले, नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनखाली चौकशीविना स्थानबद्ध केले गेले, टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, आणि १८९८ साली १२४-अ या कलमाची व्याप्ती वाढवून १५३-अ हे नवे कलम घालण्यात आले. ३० एप्रिल १९०८ रोजी मुजफ्फरपूरला बाँब पडला. जूनच्या ८ तारखेला स्फोटक पदार्थांचा कायदा आणि वृत्तपत्रांवरील कायदा असे दोन कायदे एकाच दिवशी झाले. दुसऱ्याच दिवशी, ९ जूनच्या 'केसरी'त, 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा अग्रलेख आला. या लेखाचाही आधार घेऊन टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. चांदणी चौकात बाँब पडला तेव्हा ते मंडालेच्या तुरुंगात होते.

त्या अग्रलेखाच्या मथळ्याचा एक अर्थ खरा ठरला. दडपशाहीने बाँब थांबले नाहीत. १९०८ नंतर १९१२ आले, १९१२ नंतर १९१३. पण दुसऱ्या अर्थाने उपाय फारच टिकाऊ निघाले. १९०८ चा स्फोटक पदार्थांचा कायदा आजही अमलात आहे. १९३० मध्ये लाहोर कटाच्या निकालात भगतसिंगांविरुद्ध जी कलमे लावली गेली, त्यांत या कायद्याचे कलम होते आणि १२०-ब हेही होते. १२०-ब हे कलम ३० जून २०२४ पर्यंत, म्हणजे १११ वर्षे दंडसंहितेत राहिले, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ६१ व्या कलमात त्याने नवे घर केले.

याउलट १९१९ च्या रौलट कायद्याचे पाहा. त्याविरुद्ध देश पेटून उठला, हरताळ पडले, जालियनवाला बागेचे हत्याकांड घडले. आणि तो कायदा प्रत्यक्षात वापरला न जाता १९२२ मध्ये रद्द झाला. वाजतगाजत आलेला कायदा लोकांनी परतवला. शांतपणे, सहानुभूतीच्या लाटेत आलेला कायदा मात्र मुक्कामाला राहिला.

आक्षेप आणि उत्तर

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, कटाचे कलम नसते तर मोठे गुन्हेगार सुटले असते. या आक्षेपात तथ्य आहे. गांधीहत्येच्या खटल्यातही कटाचा आरोप होता, आणि बाँब बनवणारा, तो नेणारा व पैसा पुरवणारा हे वेगवेगळे असतात, तेव्हा केवळ शेवटच्या हाताला शिक्षा करून भागत नाही. तेव्हा प्रश्न असे कलम असावे की नसावे, एवढा साधा नाही. प्रश्न असा की, शोकाच्या आणि संतापाच्या दिवसांत दिलेला अधिकार शोक ओसरल्यावर कोणी तपासून पाहतो काय?

स्वतंत्र भारताचा अनुभव याबाबतीत आश्वासक नाही. दिल्लीतील ट्रान्झिस्टर बाँबनंतर १९८५ मध्ये आलेल्या 'टाडा'ला मुदत होती; ती पुनःपुन्हा वाढवली गेली आणि १९९५ मध्ये तो कायदा संपला. २००२ चा 'पोटा' २००४ मध्ये रद्द झाला. परंतु त्याच वर्षी त्यातील अनेक तरतुदी बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात घेण्यात आल्या, आणि मुंबईवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये त्यांत जामिनाची कठोर अट आली. या कायद्याला मुदत नाही. मुदतीचा कायदा मेला आणि त्याची कलमे कायमच्या कायद्यात वस्तीला गेली.

कठोर कायदा हाती असला म्हणजे तपास अचूक होतो, असेही नाही. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावच्या बडा कब्रस्तान परिसरात स्फोट होऊन तिसाहून अधिक माणसे मेली. 'मोक्का'खाली नऊ मुसलमान पुरुषांवर आरोप ठेवण्यात आले. पुढे राष्ट्रीय तपास संस्थेचा तपास वेगळ्याच दिशेने गेला आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर त्यांतला एक मरण पावला होता. इतरांची काही वर्षे तुरुंगात गेली होती, ती त्यांना कोण परत करणार? आणि ज्यांची माणसे त्या दिवशी मेली, त्यांच्या न्यायाचे काय?

यातून निघणारा बोध साधा आहे. स्फोटानंतर सरकारने पहिल्या दिवशी जो संयम दाखवावा अशी आपण अपेक्षा करतो, तोच संयम विधिमंडळानेही दाखवला पाहिजे. नव्या अधिकाराला मुदत हवी. मुदत वाढवण्यापूर्वी त्या अधिकाराखाली किती जणांना धरले, किती दोषी ठरले आणि किती सुटले, याचा हिशेब लोकप्रतिनिधींपुढे मांडला गेला पाहिजे. आणि मुदत संपलेल्या कायद्यातील कलमे दुसऱ्या कायद्यात घेताना तेवढीच खुली चर्चा झाली पाहिजे. ही जबाबदारी एकट्या सरकारची नाही. स्फोटाची बातमी आपण सारे वाचतो. तीन महिन्यांनी संमत होणाऱ्या विधेयकाची बातमी आतल्या पानावर येते. तीही वाचण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.