मोठा तोच गोड?

शहापूर-मुरबाडकडच्या लग्नांत एके काळी मांडवातल्या कर्ण्यांवर तबकड्या वाजत. तबकडीच्या नागमोडी खाचेतून जाताना सुई थरथरते. त्या थरथरीपासून वीज निर्माण करणारा भाग म्हणजे कार्ट्रिज.

काही कार्ट्रिजमध्ये स्फटिक असतो. तो वाकला की त्यात विद्युतदाब निर्माण होतो. सुमारे अर्धा व्होल्ट. चुंबकीय कार्ट्रिजमध्ये चुंबक किंवा तारेचे वेटोळे हलते. दाब मिळतो अवघा काही मिलिव्होल्ट. म्हणून तिला जादा वर्धक जोडावा लागतो.

यांत सरस कोणती? घाईने ठरवू नका! मंद आवाजातले खर्जाचे स्वर आपल्या कानाला फारच कमी ऐकू येतात. त्यामुळे किंचित मोठ्याने वाजणारी कार्ट्रिज उगाच भरदार वाटते. तेव्हा तबकडी एकच घ्या, दोन्हींचा आवाज सारखा करा आणि कोणती वाजते आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नका.

तबकडीयंत्र नाही? मग मोबाइलवर एकच गाणे दोनदा वाजवा. दुसऱ्यांदा आवाज थोडासा वाढवा. ‘यांतले कोणते चांगले?’ असे वर्गमित्रांना विचारा आणि त्यांची उत्तरे वहीत नोंदवा. कोणते जास्त वेळा जिंकते, ते पाहा!